एक सूर्य, अनेक बिले : घरगुती नवीकरणीय ऊर्जेचा जमाखर्च

उन्हाळ्यात गच्चीवर पापड, कुरडया आणि सांडगे वाळत घालणाऱ्या घराला सौरऊर्जा नवी नाही. गोठ्यातल्या शेणाच्या गोवऱ्या थापून त्यावर चूल पेटवणाऱ्या घराला जैवऊर्जाही नवी नाही. तरीही १९८२ साली केंद्र सरकारने या विषयासाठी वेगळा विभाग काढला, तेव्हा त्याच्या नावात ‘अपारंपरिक ऊर्जा’ हे शब्द आले. परंपरेने सर्वांत जुनी असलेली ऊर्जा अपारंपरिक ठरली आणि जेमतेम दीडदोनशे वर्षांचा औद्योगिक कोळसा पारंपरिक ठरला. पुढे १९९२ मध्ये त्या विभागाचे मंत्रालय झाले आणि २००६ मध्ये त्याचे नाव बदलून ‘नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय’ असे करण्यात आले.

आज मराठीत याच अर्थाने चार शब्द फिरतात : अपारंपरिक, नवीकरणीय, नूतनीकरणक्षम आणि अक्षय. यातला ‘अक्षय’ सर्वांत गोड आहे आणि सर्वांत फसवाही आहे. सूर्य माणसाच्या हिशेबात अक्षय खरा, पण त्याची ऊर्जा पकडणारे पॅनेल, तारा, इन्व्हर्टर, टाकी आणि नळ यांना क्षय आहे. घराने पैसे मोजायचे असतात ते या क्षय पावणाऱ्या वस्तूंसाठी. ‘नवीकरणीय’ म्हणजे वापरली तरी निसर्गात पुन्हा भरून येणारी ऊर्जा. हा शब्द रुक्ष असला तरी त्यात खोटे आश्वासन नाही, म्हणून या लेखात तोच वापरला आहे.

आपल्या घरावर ‘सोलर लावावे का’, हा प्रश्न आज इंदूर, बडोदा, बेळगाव, पणजी आणि हैदराबाद या सर्व ठिकाणच्या मराठी घरांत विचारला जातो. जाहिरात त्याचे एकच उत्तर देते. खरे उत्तर मात्र गावागणिक आणि घरागणिक बदलते. ते कसे बदलते हे समजून घेणे, हा या लेखाचा हेतू आहे.

आधी दोन मापे

या विषयातला निम्मा गोंधळ दोन शब्दांच्या घोळातून होतो : किलोवॅट आणि युनिट. नळाची धार किती जोराची आहे ते किलोवॅट सांगते, हंड्यात किती पाणी साठले ते युनिट सांगते. एक किलोवॅटच्या जोराने एक तास वीज वाहिली की एक युनिट होते. विक्रेता किलोवॅट विकतो, वीज कंपनी युनिटचे बिल करते. म्हणून ग्राहकाला दोन्ही मापांची सांगड घालता आली पाहिजे.

आपल्या भागात एक किलोवॅटचे सौर पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देतात, म्हणजे वर्षाला साधारण १,४०० युनिट. त्यासाठी गच्चीवर सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि ती सावलीविरहित असावी लागते. ‘सावलीविरहित’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पॅनेलमधल्या घटिका एकमेकींना मालिकेत जोडलेल्या असतात. त्यामुळे एका कोपऱ्यावर पाण्याच्या टाकीची किंवा माडाची सावली पडली, तर तेवढ्याच कोपऱ्याची वीज घटत नाही, मालिकेतल्या इतर घटिकांनाही त्याचा फटका बसतो.

प्रकाशापासून थेट वीज होते हे फ्रेंच शास्त्रज्ञ एदमों बेक्वेरेल याने १८३९ मध्येच पाहिले होते. पण व्यवहारात उपयोगी पडेल अशी सिलिकॉनची सौर घटिका अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झाली. तिची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. आज घरांवर बसणारे पॅनेल अंगावर पडणाऱ्या प्रकाशापैकी २० टक्क्यांच्या आसपास भागाची वीज करतात. उरलेल्या ऊर्जेचा बराचसा भाग उष्णता होऊन जातो. ही उष्णता पॅनेलला मानवत नाही. पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सियसला मोजलेली असते. त्यावरच्या प्रत्येक अंशाला वीज सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पॅनेलचा पृष्ठभाग ६५ अंशांपर्यंत तापला, तर सुमारे १४ टक्के वीज उन्हामुळेच कमी होते. सौरविजेला प्रखर उजेड हवा असतो, भट्टीसारखी हवा नको असते.

छतावरची वीज : जमेची बाजू

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजना’ सुरू केली. एक कोटी घरांच्या छतांवर सौरसंच बसवणे हे तिचे उद्दिष्ट आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते. त्यापुढे संच कितीही मोठा बसवला तरी अनुदान वाढत नाही.

समजा, तीन किलोवॅटच्या संचाला एकूण १,८०,००० रुपये खर्च आला. अनुदान वजा जाता घराचे १,०२,००० रुपये लागले. संच वर्षाला सुमारे ४,२०० युनिट वीज देईल. घराला एवढ्या विजेची खरोखर गरज असेल आणि एरवी त्या युनिटला ७ रुपये पडत असतील, तर वर्षाला सुमारे २९,००० रुपये वाचतील. साडेतीन-चार वर्षांत पैसे फिटतील. पॅनेलची कामगिरीची हमी सामान्यतः २५ वर्षांची असते आणि त्यांची क्षमता दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटते. म्हणजे फिटल्यानंतरही बरीच वर्षे उत्पन्न चालू राहते. व्याजाने कर्ज घेतल्यास फेडीचा काळ त्या मानाने लांबतो.

पर्यावरणाचा हिशेबही लहान नाही. देशाच्या वीजजाळ्यात कोळशाचा वाटा अजून मोठा असल्याने एका युनिटमागे सरासरी पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर्षाला ४,२०० युनिट सौरवीज म्हणजे सुमारे तीन टन कार्बन डायऑक्साइडची बचत. शिवाय ही वीज जिथे तयार होते तिथेच वापरली जाते, त्यामुळे लांबच्या तारांमधली गळती टळते.

एखादे गाव यात किती पुढे जाऊ शकते याचे उदाहरण म्हणजे मेहसाणा जिल्ह्यातले मोढेरा. पूर्वीच्या बडोदा संस्थानातले हे गाव अकराव्या शतकातल्या सूर्यमंदिरासाठी प्रसिद्ध आहे. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी ते देशातले पहिले चोवीस तास सौरविजेवर चालणारे गाव म्हणून जाहीर झाले. तिथे तेराशेहून अधिक घरांवर प्रत्येकी एक किलोवॅटचे संच आहेत. पण रात्रीची वीज केवळ त्या संचांतून येत नाही. जमिनीवर उभारलेला वेगळा सौरप्रकल्प आणि मोठा बॅटरीसाठा त्यामागे आहे, आणि खर्च शासनाने उचललेला आहे. मोढेऱ्याचे चित्र दाखवून संच विकणारा सहसा ही दुसरी अर्धी गोष्ट सांगत नाही.

छतावरची वीज : खर्चाची बाजू

पहिला अपेक्षाभंग होतो तो वीज गेल्यावर. गच्चीवर ऊन रखरखते आहे, पॅनेल चकाकत आहेत, आणि घरातला पंखा बंद! बहुतेक घरांवरचे संच वीजजाळ्याला जोडलेले असतात. बाहेरची वीज गेली की त्यांचा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. हा दोष नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. तसे नसते तर खांबावर दुरुस्तीला चढलेल्या लाइनमनला आपल्या छतावरून उलट येणाऱ्या विजेचा धक्का बसला असता. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी लागते. तिचा खर्च वेगळा असतो आणि तिचे आयुष्य पॅनेलपेक्षा बरेच कमी असते.

दुसरा मुद्दा वेळेचा. सौरवीज दुपारी भरात असते, तर नोकरदार घराचा वापर संध्याकाळी वाढतो. ‘नेट मीटर’ या दोहोंमधला दुवा आहे. दुपारी जास्तीची वीज जाळ्यात जाते, संध्याकाळी तेवढी परत घेता येते. व्यवहार बँकेसारखा दिसतो, पण या बँकेचे नियम राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो आणि तो ते बदलूही शकतो. वर्षअखेरीस शिल्लक राहिलेल्या युनिटना मिळणारा भाव आपण विकत घेतो त्या भावापेक्षा बहुधा कमी असतो. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवून वीज विकण्याचा बेत सहसा फायद्याचा ठरत नाही. बिलातले स्थिर आकारही चालूच राहतात, त्यामुळे ‘शून्य बिल’ हे शब्द जपून ऐकावेत.

तिसरा मुद्दा देखभालीचा. धूळ, कबुतरांची विष्ठा आणि माकडांच्या उड्या या तिन्हींचा बंदोबस्त करावा लागतो. पावसाळ्यापूर्वी सांगाड्याचे बोल्ट तपासावे लागतात. इन्व्हर्टर पंचवीस वर्षे टिकत नाही. मधे एकदा तरी तो बदलावा लागेल हे धरूनच हिशेब करावा. शेवटी पॅनेल निकामी झाले की ते भंगारवाल्याला देऊन मोकळे होता येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचाही समावेश आहे.

चौथा मुद्दा मालकीचा, आणि तो पैशापेक्षा अवघड आहे. भाडेकरूला स्वतःचे छत नसते. बडोद्यातल्या किंवा ग्वाल्हेरमधल्या जुन्या वाड्यात छत असते, पण त्याचे वाटेकरी पाच असतात. त्यांतले दोघे दुसऱ्या शहरात आणि एक परदेशात असतो. पंचवीस वर्षांसाठी छत अडवायला सगळ्यांची संमती कोण आणणार? सदनिकांच्या इमारतीत वीस घरांना मिळून एक गच्ची असते. गृहनिर्माण संस्थांना सामाईक दिवे, लिफ्ट आणि पंप यांसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान मिळते. पण स्वतंत्र बंगल्याच्या मालकाला जितके सहज साधते, तितके वरच्या मजल्यावर एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला साधत नाही. सार्वजनिक पैशातून दिले जाणारे अनुदान आधी छत असलेल्यांकडे जाते, ही या योजनांची मर्यादा उघडपणे मान्य केली पाहिजे.

गाव बदलले की गणित बदलते

सीमेपलीकडच्या मराठी वाचकांसाठी हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. पुण्यातल्या नातेवाइकांना जे परवडले ते आपल्याला परवडेलच असे नाही, कारण सूर्य एकच असला तरी बिले वेगवेगळ्या राज्यांची आहेत.

कर्नाटकात २०२३ पासून ‘गृहज्योती’ योजनेखाली महिन्याला २०० युनिटपर्यंत वापर असलेल्या घरांना, त्यांच्या आधीच्या सरासरी वापराशी बांधलेल्या मर्यादेत, वीज मोफत मिळते. बेळगावातल्या ज्या घराचे बिलच शून्य येते, त्याला छतावरच्या संचातून वाचवायला काही उरत नाही. महिन्याला २०० युनिटच्या वर वापर जाणाऱ्या घराला मात्र पूर्ण बिल येते, आणि तिथे सौरसंचाचा विचार करण्यात अर्थ आहे. तेलंगणातही २०२४ पासून याच नावाची योजना आहे, ती पात्र शिधापत्रिकाधारकांसाठी आहे. हैदराबादेतल्या मराठी घरांना आधी आपण तीत बसतो का, हे पाहावे लागते.

मध्य प्रदेशात महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असलेल्या घराला पहिली १०० युनिट १०० रुपयांत मिळतात. इंदूरमधल्या निवृत्त शिक्षक दांपत्याचा वापर या मर्यादेत राहात असेल, तर लाख रुपये गुंतवून त्यांच्या हाती फारसे लागत नाही. शेजारी वातानुकूलक असलेले, महिन्याला ४०० युनिट जाळणारे घर असेल, तर त्याच गल्लीत तोच संच चार-पाच वर्षांत फिटू शकतो. गुजरातेत घरगुती ग्राहकांसाठी अशी सरसकट मोफत वीज नाही आणि छतांवरच्या सौरविजेत ते राज्य देशात आघाडीवर आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे.

गोव्याचे चित्र आणखी निराळे. घरगुती विजेचे दर तिथे महाराष्ट्रापेक्षा कमी आहेत, म्हणून युनिटमागची बचतही कमी. जून ते सप्टेंबर ढगांचे राज्य. जुनी घरे कौलारू, उताराची, भोवती माड आणि फणस. झाडे तोडून पॅनेल बसवणे हा पर्यावरणाच्या नावाने केलेला उलटा व्यवहार होईल. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंडी सांगाडा लवकर गंजतो, त्यामुळे चांगला जस्तलेप असलेले किंवा ॲल्युमिनियमचे साहित्य घ्यावे लागते. तरीही स्लॅबची मोकळी गच्ची आणि मोठा वापर असलेल्या घराला गोव्यातही संच परवडू शकतो.

विजेच्या पलीकडे : गरम पाणी आणि गोबरगॅस

नवीकरणीय ऊर्जा म्हटले की हल्ली केवळ वीज आठवते. पण घराला पुष्कळदा वीज नको असते, उष्णता हवी असते. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला साडेचार युनिटपेक्षा थोडी जास्त ऊर्जा लागते. म्हणजे एक किलोवॅटच्या संचाची दिवसभराची सगळी वीज केवळ आंघोळीत जाईल. तेच काम सुमारे दोन चौरस मीटरचा सौर बंब थेट करतो, कारण तो उन्हातल्या निम्म्याच्या आसपास ऊर्जेची उष्णता करून पाण्यात उतरवतो. हिवाळ्यात गीझरचे बिल वाढणाऱ्या घराने आधी बंबाचा विचार करावा. त्याचेही तोटे आहेत. बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षारांचे थर बसतात, काचेच्या नळ्या फुटतात, आणि ढगाळ सकाळी गीझर लावावाच लागतो.

गोबरगॅसचा अनुभव तर आपल्याकडे कित्येक दशकांचा आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकात तरंगत्या टोपीच्या संयंत्राचा देशभर प्रसार केला. एक घनमीटर गॅससाठी रोज सुमारे २५ किलो शेण लागते. म्हणजे चार-पाच जनावरे असलेले घर दोन घनमीटरचे संयंत्र चालवू शकते. ते पूर्ण क्षमतेने चालले, तर महिन्याला दीड-पावणेदोन सिलिंडरइतके इंधन मिळते, शिवाय उरलेली मळी शेताला उत्तम खत होते. धुराची चूल सुटते, हा बायकांच्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना होणारा लाभ तर पैशांत मोजताच येत नाही.

मग गावोगावची संयंत्रे बंद का पडली? टोपी गंजली, जनावरे विकली गेली, सिलिंडर दारात आला, ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. एक कारण कमी बोलले जाते. रोज पन्नास किलो शेण आणि तेवढेच पाणी कालवून आत सोडणे हे श्रमाचे काम आहे आणि ते बहुधा घरातल्या बाईच्याच वाट्याला येते. दूरवरून पाणी आणावे लागत असेल, तर चुलीच्या धुरातून सुटलेली तिची सकाळ शेणपाण्यात जाते. थंडीत गॅस तयार करणारे जिवाणू मंदावतात, म्हणजे ग्वाल्हेरच्या डिसेंबरात श्रम तेवढेच आणि ज्योत लहान. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली शेणाऐवजी खरकट्यावर आणि पिष्टमय टाकाऊ पदार्थांवर चालणारे लहान संयंत्र विकसित केले. त्याला २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. गोठा नसलेल्या शहरी घरांना त्यामुळे एक वाट मिळाली. पण रोज ओला कचरा वेगळा काढण्याची शिस्त तिथेही लागतेच.

राहता राहिली घरगुती पवनचक्की. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की वीज आठव्या हिश्श्यावर येते. साताऱ्याच्या पठारांवर उंच मनोऱ्यांच्या पवनचक्क्या चालतात, पण शहरातल्या छतावर इमारतींमुळे वारा अडतो आणि घोटाळतो. अपवाद सोडले तर घरासाठी हा पर्याय परवडत नाही.

निर्णयाआधीचे प्रश्न

हे सगळे वाचून सौरसंच चांगला की वाईट, असा एका शब्दाचा निकाल मागू नये. त्याऐवजी घरात बसून काही प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. गेल्या बारा महिन्यांची बिले समोर ठेवली तर सरासरी किती युनिट जातात? त्यांतल्या सर्वांत महाग टप्प्यात किती जातात? आपल्या राज्याची सवलत आपल्याला लागू आहे का? सकाळी नऊ ते दुपारी चार छतावर सावली कोठे पडते? छत कायद्याने कोणाचे आहे? पुढची दहा वर्षे आपण याच घरात राहणार आहोत का? आणि शेवटचा प्रश्न : धुणे, पुसणे, कालवणे, भरणे हे रोजचे काम घरात कोण करणार, आणि त्या व्यक्तीला विचारले आहे का?

एक साधा क्रमही पाळावा. विजेचा अपव्यय थांबवणे सर्वांत स्वस्त. जुने पंखे आणि दिवे बदलले, तर लागणारा संचच लहान होतो. त्यानंतर गरम पाण्यासाठी बंब. त्यानंतर गरजेपुरती छतावरची वीज. बॅटरी सर्वांत शेवटी, आणि वीज वारंवार जात असेल तरच.

शिक्षकांसाठी यात एक तयार पाठ आहे. आठवी-नववीच्या मुलांना स्वतःच्या घरचे बिल वर्गात आणायला सांगावे. टक्केवारी, सरासरी आणि आलेख त्यातच शिकवता येतात. बिलावरची भाषा कानडी, हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा इंग्रजी असेल. त्यातल्या प्रत्येक संज्ञेला घरातले आजी-आजोबा समजतील असा मराठी शब्द मुलांनी शोधावा : स्थिर आकार, मागणी भार, इंधन अधिभार. जी गोष्ट आपल्या भाषेत नीट विचारता येत नाही, तिच्याविषयीचा निर्णय दुसराच कोणी आपल्या वतीने घेतो. पंचवीस वर्षांच्या करारावर सही करणाऱ्या घराला आपण कशावर सही करतो आहोत हे मराठीत समजले, तर त्या वर्गाने आपले काम केले असे म्हणता येईल.